ईआर-पीआर अहवाल खोटा निगेटिव्ह येऊ नये म्हणून या चुका टाळा

स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली की बायोप्सीच्या अहवालामागोमाग आणखी एक कागद हातात पडतो: ईआर, पीआर आणि हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन). पेशींच्या केंद्रकात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे रिसेप्टर (त्यांना पकडणारी प्रथिनं) आहेत का, हे पहिल्या दोन चाचण्या सांगतात. असले तर हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी किमान ५ वर्षं चालते आणि आजार उलटण्याचा धोका तिने खरोखर कमी होतो. म्हणूनच इथली सगळ्यात महागडी चूक म्हणजे खोटा निगेटिव्ह. रिसेप्टर होते, पण दिसले नाहीत, आणि बाईच्या हातून एक स्वस्त, परिणामकारक औषध गेलं. दोष बहुतेक वेळा लॅबवर येतो. सुरुवात मात्र अनेकदा ऑपरेशन थिएटरात झालेली असते.

पहिला तास

रक्तपुरवठा तुटला की गाठीतली प्रथिनं खराब व्हायला लागतात. म्हणून गाठ बाहेर काढल्यापासून तासाभरात ती फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रवात) गेली पाहिजे. सलाइनमध्ये किंवा ओल्या गॉजमध्ये गुंडाळून 'सकाळी पाठवू' असं करू नका. नातेवाइकांच्या हाती बाटली देऊन शहरात पाठवायची असेल, तरी फॉर्मॅलिन आधी.

नुसतं बुडवूनही भागत नाही. फॉर्मॅलिन आत फार हळू मुरतं, चरबीतून तर आणखी हळू. शनिवारी संध्याकाळी अख्खा स्तन डब्यात टाकला आणि सोमवारी उघडला, तर कडा छान टिकलेल्या आणि मधली गाठ मऊ, खराब झालेली सापडते. पॅथॉलॉजिस्टशी आधी बोलून ठेवा: दिशा कळावी म्हणून टाके, कडांना शाई आणि मग गाठीतून साधारण ५ मिलिमीटर अंतराने काप. कापांमध्ये गॉज किंवा टिपकागद ठेवला की द्रव सगळीकडे पोचतो. द्रव नमुन्याच्या निदान १० पट हवा आणि बाटली रुंद तोंडाची.

फॉर्मॅलिन म्हणजे १० टक्के न्यूट्रल बफर्ड: १०० मिलि तीव्र फॉर्माल्डिहाइड, ९०० मिलि डिस्टिल्ड पाणी, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट, ६.५ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. नळाचं पाणी घालून केलेलं द्रावण हळूहळू आम्लधर्मी होत जातं.

त्यात किती वेळ? ६ ते ७२ तास. सुईने घेतलेली बारीक कोअरही (गाठीचा तुकडा) ६ तासांच्या आत काढू नका. 'अर्जंट' म्हणून घाईने पुढच्या टप्प्याला पाठवली तर तिथलं अल्कोहोलच तिला टिकवतं आणि रिसेप्टर दाखवणारा रंग नीट चढत नाही. दिवाळीसारख्या लागून येणाऱ्या सुट्ट्यांत ७२ तासांची मर्यादा उलटते, तेही लक्षात ठेवा. फॉर्मवर दोन वेळा लिहा: गाठ काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची. एवढ्या दोन ओळींनी पुढचे बरेच वाद मिटतात.

नमुना कुठला

'सुई लावली की कॅन्सर पसरतो' या भीतीने बायोप्सी टाळून थेट गाठ काढायला जाऊ नका. ट्रूकट बायोप्सी करा, म्हणजे जाड सुईने कोअर काढा. एफएनएसीच्या (बारीक सुईने ओढलेल्या सुट्या पेशींच्या) स्लाइडवरचा निगेटिव्ह ईआर धरून चालू नका. आधी केमोथेरपी द्यायची असेल, तर तिन्ही चाचण्या केमोआधीच्या कोअरवरच उरकून घ्या; केमोने गाठ पूर्ण विरघळली तर नंतर तपासायला काहीच उरत नाही. हाडातून नमुना घेतला असेल तर तो तीव्र आम्लात नव्हे, ईडीटीए या सौम्य रसायनात मऊ करायला सांगा.

स्लाइडवर

गाठीजवळच्या निरोगी दुग्धनलिकांमध्येही काही पेशी ईआरला रंगायला हव्यात. त्याच रंगल्या नसतील, तर गाठीचा अहवाल निगेटिव्ह नाही, 'निष्कर्ष काढता येत नाही' असा आहे. मोजायचा तो फक्त केंद्रकाचा तपकिरी रंग, भोवतालचा नाही. कापून ६ आठवड्यांवर पडून राहिलेल्या कोऱ्या स्लाइड वापरू नका. ब्लॉकमधून (मेणात बसवलेल्या नमुन्यातून) ताजे काप घ्या.

अहवाल वाचताना

नुसतं 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' लिहिलेला अहवाल अपुरा आहे. टक्केवारी आणि रंगाची तीव्रता मागा. १ टक्क्यापेक्षा कमी म्हणजे निगेटिव्ह. १ ते १० टक्के ईआर म्हणजे 'लो पॉझिटिव्ह': असा आजार वागणुकीत बऱ्याचदा निगेटिव्हसारखा असतो, तरी हार्मोन उपचाराचा पर्याय खुला राहतो. तिथे घाईने ठरवू नका. ऑलरेड गुण (टक्केवारी आणि तीव्रता यांची बेरीज) ८ पैकी असतात: ० आणि २ निगेटिव्ह, ३ पासून पुढे पॉझिटिव्ह. हर-टू २+, म्हणजे अनिश्चित, आलं तर फिश चाचणीशिवाय (ती हर-टू जनुकाच्या प्रती मोजते) निर्णय नको.

काही अहवाल पाहताच शंका यायला हवी, कारण अशी जोडी क्वचितच दिसते. ग्रेड १ ची (सगळ्यात सौम्य) गाठ, किंवा लोब्युलर, ट्युब्युलर, म्युसिनस प्रकार, आणि ईआर निगेटिव्ह? ईआर निगेटिव्ह पण पीआर पॉझिटिव्ह? दोन्हीकडे चाचणी पुन्हा करा, शक्यतो दुसऱ्या ब्लॉकवर किंवा ऑपरेशनच्या नमुन्यावर. त्यासाठी ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी बाहेरचे ब्लॉक पुन्हा तपासले जातात. ब्लॉक मेणाचा असतो, तो उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

घरच्यांसाठी एक खुलासा. इथे 'पॉझिटिव्ह' म्हणजे आजार वाढला असं नाही, उपचाराचा आणखी एक मार्ग आहे असं. आणि रक्तातलं इस्ट्रोजेन तपासून गाठीचा ईआर कळत नाही.

आजार काही वर्षांनी यकृतात किंवा हाडात उलटला, तर जुन्या अहवालावर विसंबू नका. शक्य असेल तिथे नवीन जागेची बायोप्सी घ्या, कारण रिसेप्टर बदललेले असू शकतात.

पॉझिटिव्ह आल्यावरची चूक

चाळिशीतल्या बाईची पाळी केमोने थांबली म्हणून एकटं लेट्रोझोल (शरीरात इस्ट्रोजेन बनणं रोखणारी गोळी) सुरू करू नका. पाळी थांबली तरी बीजांडकोश बंद झाले असं नसतं. ते पुन्हा चालू होऊ शकतात आणि मग गोळी निष्प्रभ ठरते. अशा वेळी टॅमॉक्सिफेन (रिसेप्टर अडवणारी गोळी) २० मिलिग्रॅम, नाहीतर लेट्रोझोलच्या जोडीला बीजांडकोश थांबवणारं गोसेरेलिन ३.६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन दर २८ दिवसांनी. टॅमॉक्सिफेन चालू असेल तर मानसोपचाराच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा: पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं त्याचा परिणाम कमी करू शकतात, आणि त्यांच्या जागी व्हेन्लाफॅक्सिन चालतं.