मोटरचा स्पीड कमी करायचाय? डिमर नको, ड्राईव्ह घ्या

पुण्याच्या तापकीर गल्लीत (इलेक्ट्रिकलच्या बाजारात) जाऊन "मोटरचा स्पीड कमी करायला डिमर द्या" म्हणालात तर कुणीतरी देईलही, पण घेऊ नका. इंडक्शन मोटरचा (नेहमीच्या एसी मोटरचा) स्पीड ठरतो सप्लायच्या फ्रिक्वेन्सीवर आणि पोलवर, म्हणजे वाइंडिंगमुळे तयार होणाऱ्या चुंबकीय ध्रुवांच्या संख्येवर: 120 गुणिले फ्रिक्वेन्सी भागिले पोल, म्हणजे आपल्या 50 हर्ट्झवर 4 पोलला मिनिटाला 1500 फेरे, त्यातून स्लिप (लोडवर पडणारी थोडी घट) गेली की नेमप्लेटवर दिसतात ते 1440 वगैरे. डिमर फक्त व्होल्टेज उतरवतो, आणि व्होल्टेज अर्धं केलं की टॉर्क (फिरवण्याचा जोर) पावच उरतो, मग लेथवर जरा जाड कट घेतला की मोटर अडकणार आणि वाइंडिंग तापणार. पंख्याला रेग्युलेटर चालतो कारण स्पीड उतरला की त्याचा लोडही झपकन उतरतो.

एकच ठरलेला कमी स्पीड हवा असेल तर सरळ पुली बदला, टॉर्कही वाढतो. कमीजास्त करत राहायचं असेल तरच व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून स्पीड बदलणारा), म्हणजे आपला ड्राईव्ह. मोटर थ्री फेजच हवी. कपॅसिटर-स्टार्ट सिंगल फेज मोटर ड्राईव्हला लावू नका, स्पीड उतरला की आतला सेंट्रिफ्युगल स्विच (स्पीड आल्यावर स्टार्टिंग वाइंडिंग तोडणारा) परत जुळतो आणि स्टार्टिंग वाइंडिंग जळतं.

घरी सिंगल फेज असेल तरी अडत नाही, 230 आत घेऊन थ्री फेज बाहेर देणारे ड्राईव्ह मिळतात. पण बाहेरही 230च येतं, आणि भोसरीच्या भंगारातून उचललेली छोटी मोटर बहुतेक 415 ला स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र) जोडलेली असते, तर टर्मिनल बॉक्स उघडून पत्त्या डेल्टात (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात, म्हणजे 230 ला) लावा. आत सहाऐवजी तीनच वायरी दिसल्या तर रिवाइंडिंगवाल्याकडून बाकीची टोकं बाहेर काढून घ्या.

मेन सप्लाय चुकूनही ड्राईव्हच्या यू-व्ही-डब्ल्यूला (मोटरकडे जाणाऱ्या टर्मिनलना) देऊ नका, ड्राईव्ह जागेवर जातो. अर्थिंग हवंच. मग नेमप्लेट बघून ड्राईव्हच्या सेटिंगमध्ये मोटरचा करंट आणि बेस फ्रिक्वेन्सी 50 भरा (करंट डेल्टाचा भरायचा, तो स्टारच्या 1.73 पट असतो), अ‍ॅक्सिलरेशन पाचेक सेकंद ठेवा, आणि थांबवताना ओव्हरव्होल्टेजला ट्रिप होत असेल तर डिसेलरेशनचा वेळ वाढवा. फुल लोडवर 20-25 हर्ट्झच्या खाली फार वेळ चालवायची असेल तर बाहेरून वेगळा पंखा लावा, कारण मोटरचा स्वतःचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, तोही हळू फिरतो. 50 च्या वर स्पीड मिळतो पण टॉर्क घटत जातो, ड्रिलला चालेल, जड कामाला नाही.

आणि ड्राईव्हचं झाकण उघडायच्या आधी सप्लाय बंद करून दहा मिनिटं चहा प्या, आतल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर डीसी बसलेलं असतं.