मापाचं साधन बदलताय? आधी या चुका टाळा

मायक्रोमीटर कॅलिब्रेशनला गेलाय, बोअर गेज (बोअरचा, म्हणजे भोकाचा, आतला व्यास मोजणारं साधन) दुसऱ्या मशीनवर अडकलंय, किंवा हव्या त्या रेंजचं साधन मुळात घेतलेलंच नाही. जॉब, म्हणजे मशीनवर बनवायचा तुकडा, मात्र समोर आहे आणि माप आत्ता हवंय. मग हाताला येईल त्याने मोजलं जातं, आणि हाताला येतो तो बहुधा डिजिटल व्हर्नियर.

पर्यायी साधनाने मोजण्यात गैर काही नाही. पण प्रत्येक साधन चुकतं, आणि बहुतेक वेळा ठरलेल्या दिशेलाच चुकतं. कोणतं कमी दाखवतं आणि कोणतं जास्त, हे ठाऊक असेल तर साध्या साधनावरही काम निभावतं. त्यामुळे साधन निवडताना ते किती बारीक मोजतं एवढंच विचारू नका, कुठल्या बाजूला फसवतं तेही विचारा.

डिस्प्लेवरच्या आकड्यांना भुलणं

डिजिटल व्हर्नियर ०.०१ मिमीपर्यंत आकडा दाखवतो. पण १५० मिमीच्या चांगल्या व्हर्नियरची अचूकता साधारण ±०.०२ ते ±०.०३ मिमी असते. दिसणारा आकडा आणि खात्रीचा आकडा यांत एवढा फरक आहे.

उदाहरण घ्या. ड्रॉइंगवर २५ एच७ शाफ्ट आहे, म्हणजे माप २४.९७९ ते २५.००० च्या मध्ये हवं. सगळा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, २१ मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे ०.००१ मिमी). व्हर्नियरने २४.९९ दाखवलं की बरं वाटतं, अगदी मधोमध! पण साधनाची चूक ±०.०२ धरली तर खरं माप २४.९७ ते २५.०१ यांपैकी काहीही असू शकतं. जॉब चांगला आहे की वाया गेलाय, याचं उत्तर या रीडिंगमध्ये नाहीच.

जुना नियम असा की साधनाची चूक टॉलरन्सच्या दहाव्या भागाइतकी असावी. ते नेहमी जमत नाही, चौथ्या भागापर्यंत चालवून घेतात. साधन तेवढं बारीक नसेल तर पास करण्याची मर्यादाच आत ओढा. वरच्या शाफ्टला ±४ मायक्रॉन चूक असलेला मायक्रोमीटर लावणार असाल तर २४.९८३ ते २४.९९६ एवढ्यातलाच जॉब पास करा. काही चांगले जॉब बाजूला पडतील, पण वाईट जॉब पुढे जाणार नाही.

व्हर्नियरने बोअर मोजणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. आतल्या मापाच्या जबड्यांची धार कितीही पातळ दिसली तरी तिला थोडी सपाटी असते, आणि दोन जबडे एकमेकांच्या शेजारून जातात तेव्हा मध्ये फटही असते. त्यामुळे जबडे भोकाच्या खऱ्या व्यासावर टेकत नाहीत, व्यासाच्या शेजारच्या जीवेवर टेकतात. रीडिंग कायम कमी येतं.

किती कमी? सपाटी आणि फट मिळून अर्धा मिलिमीटर धरा. ५ मिमीच्या भोकात रीडिंग ४.९७५ येईल, म्हणजे २५ मायक्रॉन गायब. तोच व्हर्नियर ५० मिमीच्या बोअरमध्ये जेमतेम अडीच मायक्रॉन खातो. म्हणजे मोठ्या बोअरला जो व्हर्नियर ठीक वाटला, तोच लहान भोकाला फसवतो. भोक बारीक दिसतंय म्हणून पुन्हा रीमर (भोक किंचित मोठं करणारं हत्यार) मारला जातो आणि जॉब हातचा जातो.

लहान भोकाला पिन गेज (नेमक्या व्यासाची, भोकात घालून बघायची पिन) लावा. पिन गेज नसेल तर ड्रिलचा दांडा गेज म्हणून घालून बघायची सवय अनेकांना असते. ती सोडा. दांडा बहुधा ड्रिलच्या नाममात्र मापापेक्षा थोडा लहान असतो, आणि चकमध्ये फिरून ओरखडलेला असतो ते वेगळंच. डॉवेल पिन त्याहून बरी, पण तिचंही माप आधी घ्या: ६ मिमीची, एम६ टॉलरन्सची डॉवेल पिन ६.००४ ते ६.०१२ मिमी असते, बरोबर ६ नसते.

मोठ्या बोअरला टेलिस्कोपिक गेज (भोकात भुजा पसरून लॉक होणारं) आणि बाहेरचा मायक्रोमीटर ही जोडी चालते. इथे सगळं हातावर आहे. गेज थोडं तिरकं ठेवून आत सोडायचं, हलकेच लॉक करायचं, आणि मधल्या जागेतून एकदाच पलीकडे झुलवून बाहेर काढायचं. दुसऱ्यांदा झुलवायचं नाही. मग मायक्रोमीटर लावताना रॅचेट (ठरलेल्या दाबाला घसरणारी टोकाची मूठ) कटकट वाजवलं की गेजच्या भुजा आत सरकतात आणि माप पुन्हा कमी येतं, म्हणून इथे स्पिंडल (मायक्रोमीटरचा सरकता दांडा) बोटाच्या अंदाजाने, नुसतं टेकेपर्यंत आणा. तीनदा मोजा. तीन रीडिंग एकमेकांशी जुळत नसतील तर सरासरी काढत बसू नका, हात बसेपर्यंत पुन्हा मोजा.

जबड्याच्या टोकाने पकडून दाबणं

व्हर्नियरची पट्टी एका रेषेत आणि जॉब दुसऱ्या रेषेत असतो. जॉब पट्टीपासून जितका लांब, तितका सरकता जबडा दाबाखाली तिरका होतो. टोकाशी तो उघडतो आणि पट्टीवर माप कमी वाचलं जातं. मोजपट्टी आणि मोजायचं माप एकाच रेषेत असावं, हे तत्त्व जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट अ‍ॅबे यांनी १८९० मध्ये मांडलं. मायक्रोमीटर ते पाळतो, व्हर्नियर पाळत नाही. म्हणून जॉब पट्टीच्या जवळ घ्या आणि अंगठ्याचा जोर आवरा. प्लास्टिक आणि रबर तर मायक्रोमीटरच्या रॅचेटनेही दबतात.

नळीच्या भिंतीला सपाट अँव्हिल

ही चूक बाहेरून कळत नाही. आतून ४० मिमी व्यासाची नळी आहे आणि साध्या मायक्रोमीटरचं अँव्हिल (स्थिर, सपाट तोंड) साडेसहा मिलिमीटर रुंद आहे. नळीच्या आतल्या गोलाईवर ते फक्त कडांनी टेकतं, मध्ये पोकळी राहते आणि भिंत सुमारे ०.२७ मिमी जास्त जाड दिसते. एवढ्या फरकात पातळ नळीही सहज पास होते. अँव्हिल गोल असलेला मायक्रोमीटर नसेल तर बेअरिंगची स्टील बॉल मध्ये धरा आणि आलेल्या मापातून बॉलचा व्यास वजा करा. बॉलचा व्यास त्याच मायक्रोमीटरने मोजलेला हवा, पाकिटावरून वाचलेला नको.

तुलना करण्याऐवजी थेट मोजणं

८० मिमीचा जॉब आहे आणि ७५ ते १०० चा मायक्रोमीटर नाही. बरेच जण लगेच व्हर्नियरकडे वळतात. सरफेस प्लेट (अगदी सपाट पाया), स्लिप गेज (नेमक्या जाडीचे ठोकळे) आणि स्टँडवरचा डायल (काट्याने बारीक हालचाल दाखवणारा) एवढं हाताशी असेल तर याहून फार चांगलं काम होतं. ८० मिमीचा स्लिप गेजचा संच जुळवा, त्यावर डायल शून्य करा, स्लिप बाजूला सरकवून तिथे जॉब घ्या. डायल फक्त फरक दाखवतो, आणि काटा थोडाच हलत असल्याने त्याची स्वतःची चूकही थोडीच राहते.

स्लिप गेजची ही कल्पना स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांना १८९६ मध्ये सुचली. तिचा आणखी एक फायदा तापमानाचा. मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात. स्टीलचा १०० मिमीचा तुकडा दर १० अंशांना साडेअकरा मायक्रॉन वाढतो, अ‍ॅल्युमिनियमचा त्याच्या दुप्पट. जॉब आणि स्लिप दोन्ही स्टीलचे असतील आणि एकाच प्लेटवर निवलेले असतील तर दोन्ही सारखेच वाढतात, फरक जवळपास तसाच राहतो. मशीनवरून उतरवलेला गरम जॉब लगेच मोजला तर मात्र तो मोठा दिसतो, आणि निवल्यावर अंडरसाइज निघतो.

रीडिंग सरकत असेल तर आधी स्टँडवर संशय घ्या. प्लंजर (डायलचा खाली-वर होणारा दांडा) पाच-सहा वेळा उचलून सोडा. काटा दर वेळी शून्यावर येत नसेल तर खांबाचा स्क्रू सैल आहे किंवा आडवा दांडा फार लांब काढलाय. स्टँड घट्ट असूनही माप जास्त येत असेल तर जॉबखाली बर (कडेला उरलेला धातूचा काटा) किंवा कचरा आहे.

प्लंजरच्या डायलऐवजी लीव्हर डायल (टोक झुलणारा) लावणार असाल तर लीव्हर पृष्ठभागाला जवळजवळ समांतर हवा. तो ३० अंशांनी तिरका असेल तर डायलवर ०.१० दिसलं तरी खरी हालचाल ०.०८७ मिमीच असते. नुसतं शून्य जुळवायचं असेल तर हा कोन आड येत नाही. तुटलेल्या टोकाच्या जागी दुसऱ्या लांबीचं टोक बसवलं तर मात्र सगळं गणितच बदलतं: टोक दुप्पट लांब, तर रीडिंग निम्मं.

स्कॅनरने मोजणं, पण पट्टी न ठेवता

गॅस्केट, पातळ पत्रा, रबरी वॉशर अशा चपट्या वस्तूंना हात लावला की त्या वाकतात. त्यांना घरगुती फ्लॅटबेड स्कॅनर हा चांगला पर्याय आहे, आणि त्याला उगाच कमी लेखलं जातं. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) एक पिक्सेल ०.०४२ मिमीचा होतो. भोकांची मांडणी, कडांचा आकार काढायला हे पुरतं. अट एकच: शेजारी माहीत असलेल्या मापाची वस्तू आडवी ठेवून आणि नंतर उभी ठेवून, दोन्ही दिशा वेगवेगळ्या तपासा. एका दिशेचं माप सेन्सर ठरवतो, दुसऱ्या दिशेचं मोटर, त्यामुळे दोन्हींची चूक सारखी नसते. काचेला टेकलेलाच भाग मोजा. वर उचललेली कड काही स्कॅनरमध्ये धूसर होते, काहींमध्ये सरकलेली दिसते. मोबाइलच्या फोटोवरून मोजण्याच्या फंदात पडू नका. कॅमेरा जरा तिरका झाला की जवळची बाजू मोठी आणि लांबची लहान होते.

दोन साधनं दोन आकडे दाखवतात तेव्हा

कोण खोटं बोलतंय यावर वाद घालण्याआधी दोन्हींची तोंडं पुसा, शून्य बघा, आणि दोन्हींनी एकच स्लिप गेज मोजा. डिजिटल व्हर्नियरचे आकडे उड्या मारत असतील तर पट्टीवर कूलंट आहे का ते पाहा, मग बॅटरी बदला. एलआर४४ (अल्कलाइन सेल) चा व्होल्टेज हळूहळू उतरत जातो, एसआर४४ (सिल्व्हर ऑक्साइड सेल) चा शेवटपर्यंत जवळपास स्थिर राहतो. २५ ते ५० चा मायक्रोमीटर असेल तर त्याचं शून्य सेटिंग रॉडवरच तपासावं लागतं, तो रॉड हातात धरून गरम करू नका.

स्लिपवर दोन्ही साधनं बरोबर आणि जॉबवर मात्र वेगळी, असं झालं तर दोष जॉबच्या आकारात शोधा. सेंटरलेस ग्राइंडिंगचा (सेंटरवर न धरता ग्राइंड केलेला) शाफ्ट कधी कधी तीन उंचवट्यांचा निघतो. मायक्रोमीटरने कुठूनही मोजा, व्यास सारखाच येतो, पण बुशमध्ये तो अडकतो. असा शाफ्ट ६० अंशांच्या व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवून वर डायल लावून फिरवला तर काट्याची हालचाल प्रत्यक्ष उंचवट्याच्या तिप्पट दिसते. उंचवटे पाच असतील तर हाच ब्लॉक काहीच दाखवत नाही. तिथे ९० अंशांचा ब्लॉक घ्या, तो तीन उंचवटेही पकडतो आणि पाचही, दोन्ही दुप्पट करून.