शुक्रवारी दिवा लावल्यावर बातम्यांचं काय करायचं?

आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या घरांत सध्या हा प्रश्न सारखा निघतो. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, पाळायचा म्हणजे फोन बंद, पण इस्राएलमध्ये भाऊ लोदला, मावशी अश्दोदला, भाची दिमोनाला, आणि तिकडे कधी सायरन वाजेल सांगता येत नाही, मग शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत बातम्या न बघता राहायचं कसं? मी काही रब्बी (ज्यू धर्मगुरू) नाही, ठाण्यातली साधी बाई आहे, आमच्याकडे जे जमतं ते सांगते.

आधी वेळ बघा. दिवा सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी लावायचा, म्हणजे मुंबई-ठाण्याकडे जूनमध्ये सातच्या आसपास पण नोव्हेंबरच्या शेवटी पावणेसहा वाजायच्याही आधी, त्यामुळे ऑफिसातून येऊन तिकडे फोन करू म्हणाल तर लोकलमध्येच शब्बाथ लागतो. कॉल गुरुवारी रात्रीच उरका. नुसतं "कसे आहात" विचारून ठेवून देऊ नका, शनिवारी कुठे असणार आहात, घरात ममाद (घरातलीच भक्कम सुरक्षित खोली) आहे की शेल्टरसाठी खाली उतरावं लागतं, हेही विचारा, कारण रात्रभर जीव खातं ते हेच माहीत नसणं.

मग एक निरोप्या ठरवा. शब्बाथ न पाळणारा एखादा नातेवाईक किंवा समोरच्या काकूसुद्धा चालतील. त्यांचा नंबर तिकडे देऊन ठेवा आणि दोन्हीकडे स्पष्ट सांगा, की कुणाला खरंच काही झालं आणि आपण इथून काही करू शकत असलो तरच दार वाजवायचं. "टीव्हीवर काहीतरी मोठं दाखवतायत" यासाठी नाही.

जिवाचा प्रश्न आला तर शब्बाथ बाजूला ठेवायचा, याला पिकुआख नेफेश म्हणतात. घरात कुणाच्या छातीत दुखलं तर फोन करा, रिक्षा करा, हॉस्पिटल गाठा, कुणाला विचारत बसू नका. तिकडच्या लोकांनाही अलर्टसाठी फोन चालू ठेवावा लागतो, शिवाय तिथे एक गप्प रेडिओ असतो, एरवी शांत, धोका असला तरच बोलतो, ही सोय 1991 च्या आखाती युद्धात सुरू झाली. पण ठाण्यात सोफ्यावर बसून दर पाच मिनिटांनी व्हॉट्सॲप बघण्याने कुणाचाच जीव वाचत नाही, वाईट वाटेल पण आहे ते असं आहे.

खरी कसोटी जेवणाच्या टेबलावर. मनुकांच्या सरबतावर किद्दूश (शब्बाथची प्रार्थना) झाला, नारळाच्या दुधातली करी वाढली, की कुणीतरी पुरुषमाणूस हमखास राजकारण काढतोच (आमच्याकडे मामा). यशया संदेष्ट्याने शब्बाथला एरवीच्या गप्पा नकोत असं सांगितलंय, पण ते ऐकवून मामा थांबत नाही, त्यापेक्षा आधीच सांगून ठेवा की टेबलावर नेत्यांची नावं नाहीत, तिकडच्या आपल्या माणसांची नावं चालतील. आम्ही ती नावं घेतो आणि तेहिलीम (स्तोत्रं) मधलं 121 वं म्हणतो. आपला जुना धर्मगुरू हिल्लेल म्हणतो समाजापासून वेगळा होऊ नकोस, ते अशाने राहतं, आणि पोरांनाही आपण सगळं विसरून मजा करतोय असं वाटत नाही. आजाऱ्याला शब्बाथला भेटायला गेलं तर काय म्हणायचं हे तालमूद या आपल्या जुन्या धर्मग्रंथात आहे, "आज शब्बाथ आहे म्हणून आक्रोश करत नाही, आराम लवकरच पडेल", काळजी करणाऱ्या आजीलाही हेच सांगा.

आणि कुणी म्हणालं की हल्लीच्या काळात शनिवारी एवढं बंद परवडत नाही, तर कोकणातले आपले लोक शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणूनच गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं, आणि पोट तर त्याच घाण्यावर होतं.

शनिवारी तीन तारे दिसले की हवदाला (शब्बाथ संपवण्याचा विधी) करा, लवंगांचा वास घ्या, मग फोन. आधी तिकडच्या होम फ्रंट कमांडच्या (नागरिकांच्या बचावाचं लष्करी खातं) सूचना बघा, फॅमिली ग्रुपवरचे फॉरवर्ड नंतर, आणि खात्री नसेल तर पुढे ढकलू नका. लगेच कॉल लावलात तर तो कुणी उचलणारच नाही कारण इस्राएल उन्हाळ्यात आपल्या अडीच तास मागे आणि हिवाळ्यात साडेतीन, तिकडे अजून शब्बाथच चालू असतो. तेव्हा घाबरून ग्रुपवर "कुणाला काही कळलं का" टाकू नका, जेवून घ्या आणि उन्हाळ्यात अकरानंतर, हिवाळ्यात नऊनंतर परत लावा.