कोष्टकावरून रेषीय फल ओळखायचं तर आधी क्षचा रकाना बघा

फल (function) म्हणजे काय, प्रांत (domain) म्हणजे काय, हे अकरावीत बहुतेकांना समजतं. गाडी अडते ती कोष्टक समोर आल्यावर. म्हणून व्याख्या सोडून थेट कोष्टकाकडेच जाऊ.

सेल्सिअस: ०, १०, २५, १००
फॅरनहाइट: ३२, ५०, ७७, २१२

हे रेषीय आहे का, म्हणजे याचा आलेख सरळ रेषा येईल का? फॅरनहाइटमधले फरक १८, २७, १३५ असे येतात. ते सारखे नाहीत, म्हणून बरेच जण ‘नाही’ लिहून पुढच्या प्रश्नाला जातात आणि हातचे गुण घालवतात. सेल्सिअसमधले फरकही काढा: १०, १५, ७५. आता भागा. १८ ÷ १० = १.८, २७ ÷ १५ = १.८, १३५ ÷ ७५ = १.८. हा भागाकार म्हणजे चढ. तो सगळीकडे एकच आहे, म्हणजे फल रेषीयच: य = १.८क्ष + ३२ (क्ष सेल्सिअस, य फॅरनहाइट).

‘यमधले फरक सारखे आले की रेषीय’ ही ट्रिक क्षच्या किमती समान अंतराने वाढत असतील तरच चालते. ही अट न सांगता ट्रिक देणाऱ्या नोट्स सरळ बाजूला ठेवा. उलट बाजूनेही ती फसवते. क्ष ०, १, ३, ६ आणि य ४, ७, १०, १३ घ्या. यमधला फरक प्रत्येक वेळी ३, पण भागाकार ३, १.५, १. हे रेषीय नाही. क्षच्या किमती उलटसुलट दिल्या असतील तर आधी चढत्या क्रमाने लावा आणि शेजारच्या प्रत्येक जोडीचा भागाकार करा. दोन जोड्यांवर थांबू नका. वीजबिलासारखा टप्प्याटप्प्याने बदलणारा दर पहिल्या टप्प्यात अगदी रेषीय दिसतो आणि पुढच्या टप्प्यात वळतो.

य ÷ क्ष करून बघायची सवय असेल तर ती सोडा. ती कसोटी समचलनाची, म्हणजे य = (स्थिर संख्या) × क्ष अशा नात्याची आहे. वरच्याच कोष्टकात ५० ÷ १० = ५ आणि ७७ ÷ २५ = ३.०८ येतं, तरी फल रेषीय आहे. कोष्टक १० पासून सुरू होत असेल तर पहिला य, म्हणजे ५०, स्थिरपद (क्ष = ० असतानाचा य) म्हणून उचलू नका. ५० − १.८ × १० = ३२ असं काढा.

एवढं पक्कं झालं की फलं जोडण्याचं काम वाटतं तितकं अवघड नाही, घाबरू नका. लक्ष द्यायचं ते संयुक्त फलातल्या, म्हणजे एका फलाचं उत्तर दुसऱ्यात घालतानाच्या, क्रमाकडे. ग हे फॅरनहाइटचं सेल्सिअस करतं: ग(क्ष) = (क्ष − ३२) ÷ १.८. फ हे सेल्सिअसचं केल्विन करतं: फ(क्ष) = क्ष + २७३.१५. फ(ग(२१२)) काढताना आतलं आधी: ग(२१२) = १००, मग फ(१००) = ३७३.१५. पाणी उकळण्याचं तापमान बरोबर आलं. क्रम उलटा केला तर ग(फ(२१२)) = (४८५.१५ − ३२) ÷ १.८ = २५१.७५. आकडेमोड चोख आहे, पण या आकड्याला तापमान म्हणून काही अर्थ नाही, कारण ‘फ’ला दिलेले २१२ सेल्सिअस नव्हते. डावीकडून वाचायची सवय इथे घात करते. पेन्सिलने सर्वांत आतल्या कंसाखाली रेघ मारा आणि तिथून बाहेर या.

दोन्ही फलं कोष्टकात दिली असतील तर गच्या य-रकान्यात आलेली किंमत फच्या क्ष-रकान्यात शोधायची. त्याच ओळीतला फ उचलायचा नाही. ती किंमत फच्या क्ष-रकान्यात नसेल तर दिलेल्या माहितीवरून उत्तर काढता येत नाही, असं लिहा. बेरजेसाठी मात्र एकाच क्षची ओळ घ्यायची, आणि तीही तो क्ष दोन्ही कोष्टकांत असेल तरच.

वजाबाकीत कंस हवाच: (३क्ष + २) − (क्ष − ४) = २क्ष + ६. कंस विसरलात तर २क्ष − २ येईल. भागाकारात (क्ष² − १६) ÷ (क्ष − ४) चं क्ष + ४ होतं, पण ‘क्ष ≠ ४’ शेजारी लिहायलाच हवं. काटाकाट झाल्यावर ती अट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून काटाकाट करण्याआधीच लिहून टाका.