राग डोक्यात गेला की आकडेमोड करा

भावना टिकून राहायलाही डोक्यात जागा लागते. तीच जागा अवघड कामाने अडवली, की राग, भीती, हुरहूर यांची धार बोथट होते.

१०० मधून ७ वजा करत जा: ९३, ८६, ७९, ७२... दोन-तीन मिनिटं पुरे. चुकलात तर मागच्या आकड्यापासून पुन्हा. १ ते १०० सरळ मोजून फारसं काही होत नाही. ते तोंडपाठ असतं, तोंड मोजतं आणि मन भांडणच उगाळत बसतं. पण काम झेपेनासं झालं तर वैतागाची भर पडते. मग ७ ऐवजी ३ वजा करा. पाढ्यात पक्के असाल तर उलट १३ घ्या.

भावना ऐन भरात असताना ‘शांतपणे विचार कर’ हा सल्ला कुचकामी, कारण तसा विचार करणं हेही कष्टाचंच काम. आधी आकडे, जरा निवळल्यावर विचार. मूळ प्रश्न मात्र तिथेच असतो. मोजणं थांबलं की भावना परतू शकते.

आनंदालाही हाच नियम लागू. गाणं मनापासून ऐकायचं असेल तेव्हा हिशेबाची वही मिटून ठेवा.