एसी-फ्रीजचं काम शिकायचंय? आधी मोजायला शिका

मार्च लागला की विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून मेकॅनिकला फोन सुरू होतात. कूलर फिरत नाही, फ्रीज थंड करत नाही, एसीचा गॅस संपला. यातली शेवटची तक्रार नीट समजून घ्या, कारण सगळं शिक्षण तिच्यातच आहे. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय. गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरून देणारे तालुक्याच्या गावी भरपूर सापडतात. गळती शोधणारा, पंपानं नळीतली हवा आणि ओल ओढून पुरता व्हॅक्यूम करणारा आणि काट्यावर वजन करून गॅस भरणारा मात्र शोधावा लागतो. तुम्हाला तो व्हायचं आहे, असं धरून पुढचं सगळं लिहिलं आहे.

कुठे शिकायचं

सरळ वाट आयटीआयची. ट्रेडचं नाव रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन, मुदत २ वर्षं, पात्रता गणित-विज्ञानासह दहावी पास. जुने लोक याच ट्रेडला मेकॅनिक रेफ्रिजरेशन म्हणतात. दहावीच्या निकालानंतर राज्याच्या ऑनलाइन केंद्रीय प्रवेशातून अर्ज भरायचा असतो. आयटीआय जवळपास प्रत्येक तालुक्यात आहे, पण हा ट्रेड प्रत्येक ठिकाणी नाही. त्यामुळे पसंतीक्रम भरण्याआधी संस्थेत जाऊन वर्कशॉप डोळ्यांनी पाहा. व्हॅक्यूम पंप चालू आहे का, ब्रेझिंगचा (ज्योतीनं तांब्याच्या नळ्या सांधण्याचा) सेट मुलांच्या हातात देतात का, इन्व्हर्टर एसी उघडून शिकवतात का, हे तिथल्याच मुलांना विचारा. जवळच्या संस्थेत नुसत्या भिंतीवरच्या आकृत्या असतील तर नागपूर-अमरावतीला खोली करून राहिलेलं परवडतं.

आयटीआयनंतर लगेच दुकान टाकू नका. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कंपनीत अप्रेंटिसशिप करता येते. त्यात विद्यावेतन मिळतं आणि शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र. नागपूरजवळच्या बुटीबोरी, हिंगण्याच्या एमआयडीसीत मोठे चिलर (पाणी थंड करणारी यंत्रं) आणि प्रोसेस कूलिंगचं, म्हणजे कारखान्यातली यंत्रं थंड ठेवण्याचं, काम हाताखालून जाईल, तसं घरगुती दुरुस्तीत कधीच जात नाही. पुढे शिकायचं असेल तर दोन वर्षांच्या आयटीआयवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षालाही प्रवेश घेता येतो.

आधीपासून कुणाच्या हाताखाली काम करत असाल आणि कागद नसेल, तर प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत फील्ड टेक्निशियन, एअर कंडिशनर हा छोटा अभ्यासक्रम आहे, आणि येत असलेल्या कामाची परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेण्याची सोयही आहे. मात्र पाटी कोरी असेल तर नुसत्या काही आठवड्यांच्या कोर्सवर विसंबू नका.

दाब आणि तापमान

पहिल्या सहा महिन्यांत एक गोष्ट पक्की झाली पाहिजे: गॅसचा दाब त्याच्या तापमानावर ठरतो. आर-२२, आर-४१०ए, आर-३२ ही एसीतल्या गॅसची नावं, आणि पीएसआय हे दाबाचं माप, चौरस इंचामागे पाउंड. बंद मशीन ४० अंशांच्या दुपारी उभं असेल तर आर-२२ चा दाब साधारण २०८ पीएसआय, आर-४१०ए चा ३३७ आणि आर-३२ चा ३४५ च्या आसपास दिसतो. पारा ४५ वर गेला की आर-३२ चा आकडा ३९० च्या घरात जातो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात हे रोजचंच आहे, त्यात बिघाड काही नाही.

इथेच सगळे फसतात. नळीत थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असला तरी बंद मशीनवरचा दाब तेवढाच दाखवतो. म्हणजे गॅस अर्धा गळून गेला तरी गेजचा (दाबमापकाचा) काटा जागचा हलत नाही. गॅस कमी आहे की नाही हे मशीन चालवून, सक्शनचा (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा) दाब, अँपिअर आणि आत-बाहेरच्या हवेतला फरक एकत्र पाहूनच कळतं. इनडोअरमध्ये जाणारी हवा आणि बाहेर पडणारी हवा यांत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर मशीन ठीक चाललंय. आणि सक्शन कमी दिसला म्हणून लगेच सिलिंडर जोडू नका. कापसाच्या मोसमात धुळीनं आणि तंतूंनी फिल्टर बुजला तरी सक्शन तसाच पडतो. आधी फिल्टर आणि कूलिंग कॉइल धुवा, मग गेज वाचा. आर-२२ चे जुने गेज आणि होस आर-३२ ला लावायचे नाहीत, ते तेवढ्या दाबाचे नसतात.

फ्लेअर

स्प्लिट एसीची गळती बहुतेक वेळा फ्लेअरच्या, म्हणजे पाइपचं तोंड कर्ण्यासारखं पसरून नटानं आवळलेल्या, जोडावरच सापडते, म्हणून हा जोड शंभर वेळा करून हात बसवा. पाइप दोन सूत म्हणजे पाव इंच, तीन सूत आणि चार सूत म्हणजे अर्धा इंच, या मापांत येतो.

ट्यूब कटरनं कापताना प्रत्येक फेरीला नॉब अगदी थोडा आवळा. घाई केली की पाइपचं तोंड आत दबतं. मग रीमरनं आतली धार काढा, पण पाइपचं तोंड खाली धरून, म्हणजे तांब्याचा कीस आत न जाता जमिनीवर पडेल. तो कीस आत राहिला तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा कॅपिलरीत (गॅस जिथून बारीक वाटेनं सुटतो तिथे) जाऊन अडकतो, आणि मग कारण शोधता शोधता दिवस जातो. आता नट पाइपवर चढवा. फ्लेअर करून झाल्यावर नट आठवतो आणि तोंड पुन्हा कापावं लागतं, असं प्रत्येक शिकाऊ मुलाचं होतं. आर-३२ साठीच्या टूलमध्ये पाइप डायच्या (पाइप धरणाऱ्या साच्याच्या) वर ० ते ०.५ मिलिमीटर ठेवा. जुन्या क्लचवाल्या टूलमध्ये १ ते १.५ मिलिमीटर. चार सुती पाइपचा फ्लेअर सुमारे १६.५ मिलिमीटर रुंद व्हायला हवा. उजेडात धरून पाहा: कड सगळीकडे सारखी, आतला पृष्ठभाग आरशासारखा, भेग कुठेच नाही. शंका आली तर कापून टाका, दोन इंच तांबं गेलं तर जाऊ द्या.

आवळताना दोन पाने लावा, आधी हातानं सरळ बसवून. टॉर्क पान्यावर पाव इंचाला १५ ते १७ न्यूटन-मीटर, ३/८ ला ३३ ते ४०, अर्ध्या इंचाला ५० ते ६०. कमी आवळला तर गळतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. जास्त आवळला तर तांबं पातळ होतं आणि काही महिन्यांनी, कंपनानं, तिथेच चिरतं.

नायट्रोजन, व्हॅक्यूम, वजन

जोड झाले की कोरडा नायट्रोजन रेग्युलेटर लावून टप्प्याटप्प्यानं भरा: ५० पीएसआय, मग १५०, मग मशीनच्या पाटीवर चाचणीचा जो दाब दिलाय तिथवर. साबणाचा दाट फेस प्रत्येक जोडाला लावा आणि किमान दोन मिनिटं नुसतं बघत बसा. रात्रभर ठेवलं तर तापमानाचा हिशेब धरा. दुपारी ४० अंशांना ४०० पीएसआय भरलेला नायट्रोजन रात्री ३० अंशांवर सुमारे १३ पीएसआय खाली दिसतो. ती गळती नाही.

नायट्रोजन संपलाय म्हणून वेल्डिंगचा ऑक्सिजन कधीही भरू नका. दाबाखालचा ऑक्सिजन कॉम्प्रेसरच्या तेलाशी भेटला की स्फोट होतो. यात माणसं गेली आहेत. पंप डाउन करतानाही, म्हणजे सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेतानाही, हाच धोका दुसऱ्या वेषात येतो. लाइन उघडी राहून हवा आत ओढली गेली, तर तेल आणि हवा कॉम्प्रेसरमध्ये दाबली जाऊन आउटडोअर फुटू शकतं. सक्शन शून्याला आला की लगेच मशीन बंद, नंतरच नट सैल.

व्हॅक्यूम म्हणजे पंप वीस मिनिटं चालवणं, असं समजू नका. मॅनिफोल्डचा (गेजच्या जोडीचा) काटा उणे ३० ला गेला तरी नळीत ओल असू शकते. मायक्रॉन गेज (व्हॅक्यूम बारकाईनं मोजणारं) ५०० च्या खाली आणा, व्हॉल्व्ह बंद करा, १० मिनिटं थांबा. आकडा थोडा चढून हजार-दीड हजारावर थांबला तर आत ओल आहे, पंप पुन्हा लावा. चढतच राहिला तर गळती आहे. श्रावणात हवा दमट असते, तेव्हा पाइपची तोंडं उघडी ठेवून जेवायला जाऊ नका. आर-३२ च्या मशीनमधलं तेल हवेतली ओल झपाट्यानं शोषतं, मग आम्ल तयार होऊन कॉम्प्रेसरची वाइंडिंग खातं.

गॅस पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमनुसार, डिजिटल काट्यावर मोजून भरा. पाइप कंपनीनं दिलेल्या लांबीपेक्षा जास्त असेल तर वाढीव ग्रॅम त्या मशीनच्या पुस्तिकेत मीटरमागे दिलेले असतात. आर-४१०ए दोन गॅसचं मिश्रण आहे, म्हणून तो द्रवरूपातच भरायचा.

वीज

गावाकडचं निम्मं काम विजेचं असतं. डीपीवर सगळ्या मोटारी सुरू झाल्या की २३० व्होल्टचे १८० होतात. कॉम्प्रेसर गुणगुणतो, उचलत नाही, ओव्हरलोड ट्रिप होतो, आणि अर्धवट मेकॅनिक ‘कॉम्प्रेसर गेला’ म्हणून सांगतो. मशीन सुरू होण्याच्या क्षणी टर्मिनलवर मीटर धरा, उत्तर तिथेच मिळतं. लाइट गेल्यावर तीन मिनिटं तरी मशीन सुरू होऊ देऊ नका, आतले दाब सारखे व्हायला तेवढा वेळ लागतो.

साध्या कॉम्प्रेसरचे तीन टर्मिनल (कॉमन, रन, स्टार्ट) तपासताना वायरी काढून मीटर लावा. कॉमन-रन समजा २ ओहम आणि कॉमन-स्टार्ट ३ ओहम आला, तर रन-स्टार्ट ५ यायलाच हवा. बेरीज जुळली आणि बॉडीला कुठलंच टर्मिनल लागत नसेल तर वाइंडिंग चांगली. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरमध्ये तिन्ही वाचनं सारखी येतात, तिथे बेरीज शोधू नका. त्याच्या पीसीबीवर वीज काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास डीसी साठलेली असते. दहा मिनिटं थांबा, मीटरनं खात्री करा, मग हात घाला. कॅपॅसिटरही आधी डिस्चार्ज, मगच मोजणी. ५० मायक्रोफॅरडचा ४० दाखवत असेल तर बदला.

कूलरला कमी लेखू नका. तुमची पहिली कमाई त्याचीच असेल, आणि सर्वांत मोठी जबाबदारीही. पत्र्याचा कूलर, आत पाणी, खाली ओली जमीन, भरायला अनवाणी आलेलं पोर. पंपाची वायर सोलली गेली की सगळा पत्रा जिवंत होतो. दर उन्हाळ्यात विदर्भात याच कारणानं माणसं दगावतात. वाळ्याची ताटी बदलायला बोलावलं असलं तरी पंपाची वायर, अर्थिंगचा तिसरा पिन आणि बोर्डातलं अर्थिंग तपासल्याशिवाय कूलर परत देऊ नका. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) बसवायला सांगा. त्यांना पटेपर्यंत सांगा.

जळणारे गॅस

नव्या फ्रीजमध्ये आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद. तो पन्नास-साठ ग्रॅमच असतो, पण हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत साठतो. दारं-खिडक्या उघडा, चूल आणि देवघरातला दिवा विझवा, आणि गॅस पूर्ण काढून नायट्रोजननं नळी धुतल्याशिवाय ब्रेझिंगचा टॉर्च पेटवू नका. चालू फ्रीजमध्ये याची लो साइड (कमी दाबाची बाजू) वातावरणापेक्षा कमी दाबावर असते, म्हणजे गळतीतून गॅस बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. साबणाचा फेस फ्रीज बंद करून, दाब सारखे झाल्यावरच लावा.

जुलै ते फेब्रुवारी

घरगुती एसीचा धंदा चार महिन्यांचा. उरलेले आठ महिने जगायचं तर दुसरी मशीनं शिकावी लागतात. दूध संकलन केंद्रातला बल्क कूलर दूध ४ अंशांवर आणतो आणि तो बंद पडला तर एका रात्रीत गावाचं दूध नासतं, म्हणून तिथल्या दुरुस्तीला थांबायला कुणी तयार नसतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लशींचा फ्रीज २ ते ८ अंशांतच राहिला पाहिजे. काटोल, वरूड, मोर्शीच्या संत्रापट्ट्यात शीतगृहं आहेत. मोठ्या शीतगृहात अमोनिया असतो. तिथे सगळी नळी लोखंडी, कारण अमोनिया तांबं-पितळ खातो. तुमचे नेहमीचे पितळी गेज तिथे चालत नाहीत, आणि मास्कशिवाय त्या खोलीत पाय ठेवायचा नाही.

हत्यारं एकदम घेऊ नका. आधी क्लॅम्प मीटर, चांगला कटर-रीमर आणि फ्लेअरिंग टूल. मग व्हॅक्यूम पंप, मायक्रॉन गेज आणि डिजिटल काटा. ब्रेझिंग सेट आणि नायट्रोजन त्यानंतर. सोबत एक वही ठेवा. प्रत्येक मशीनचा व्होल्टेज, अँपिअर, सक्शन, बाहेरचं तापमान आणि भरलेले ग्रॅम लिहून तारीख टाका. पुढच्या मार्चमध्ये त्याच घरून फोन आला की आधी ते पान उघडा.