‘सोडणे’साठी नेमका इंग्रजी शब्द कसा निवडावा

मराठीत आपण गाव सोडतो, नोकरी सोडतो, तंबाखू सोडतो, वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा सोडतो, पाहुण्यांना स्टेशनवर सोडतो आणि एकादशीचा उपवास द्वादशीला सोडतो. ही सगळी कामे एका क्रियापदावर भागतात. इंग्रजीत मात्र प्रत्येकाला वेगळा शब्द लागतो, आणि शब्दकोशात ‘लीव्ह’पुढे दिलेल्या समानार्थी शब्दांतून त्यातल्या त्यात भारदस्त दिसणारा शब्द उचलला, की अर्जाचा किंवा पत्राचा अर्थच बदलून जातो. सोलापुरातून नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे जाणारे तरुण, एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या कार्यालयांत पत्रव्यवहार सांभाळणारे कर्मचारी आणि बँकांच्या परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी यांना पुढील क्रमाने गेल्यास निवड सोपी होईल.

पहिले काम मराठीतच करावयाचे आहे. आपल्या वाक्यातले ‘सोडणे’ काढून त्या जागी दुसरे, अधिक नेमके मराठी क्रियापद घालून पाहावे. ‘त्याने नोकरी सोडली’ म्हणजे राजीनामा दिला, की कामावर जाणे बंद केले? ‘तिने हक्क सोडला’ म्हणजे हक्कसोडपत्र लिहून दिले, की हक्क असूनही मागितला नाही? या चाळणीत काही वाक्ये लगेच बाहेर पडतात, कारण त्यांत निघून जाणे किंवा त्याग करणे नसतेच. उजनी धरणातून भीमेत पाणी सोडले जाते तेव्हा इंग्रजीत ‘रिलीज’ म्हणावे लागते. उपवास सोडण्याला ‘ब्रेक’ हे क्रियापद लागते, आणि इंग्रजी न्याहारीच्या नावातही तेच दडलेले आहे. सर्वांत जास्त घोटाळा स्टेशनवर होतो. वडिलांना सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसवर पोचवून आलेला मुलगा ‘आय लेफ्ट माय फादर ॲट द स्टेशन’ असे कार्यालयात सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याला वडील तिथेच एकटे राहिल्यासारखे वाटते. तिथे ‘ड्रॉप्ड’ म्हणावे आणि गाडी हलेपर्यंत फलाटावर थांबला असेल, तर ‘सॉ हिम ऑफ’.

दुसरी पायरी जागेची. जागा सोडण्यासाठी ‘लीव्ह’ हा रोजचा, निरुपद्रवी शब्द असून बहुतेक वेळा तोच बरोबर असतो. त्याच्यापुढे सोडलेल्या जागेचे नाव थेट येते, तर जिथे जायचे त्या जागेआधी ‘फॉर’ लागतो. म्हणजे ‘लीव्ह सोलापूर’ आणि ‘लीव्ह फॉर पुणे’. ‘लीव्हिंग टू पुणे’ हे ‘पुण्याला’ या विभक्तीचे ओझे आहे, ते उतरवावे. ‘डिपार्ट’ रेल्वेच्या वेळापत्रकात आणि विमानतळाच्या फलकावर शोभतो. ‘आय डिपार्टेड फ्रॉम माय आत्याज हाऊस’ असे कोणी लिहिले, तर आत्या हसेल. शिवाय त्याच शब्दापासून झालेले ‘द डिपार्टेड’ हे रूप दिवंगतांसाठी वापरतात. भाड्याचे घर किंवा गाळा रिकामा करून देणे म्हणजे ‘व्हेकेट’, तर पूर किंवा आगीमुळे माणसांना सुरक्षित जागी हलवणे म्हणजे ‘इव्हॅक्युएट’. भाडेकरार हाताशी असेल तर एक सावधगिरी बाळगावी: ‘लीव्ह अँड लायसन्स’मधल्या ‘लीव्ह’चा अर्थ सोडणे असा नसून परवानगी असा आहे.

याच ठिकाणी उच्चारही नीट करून घ्यावा. सोडण्याचा ‘ली’ दीर्घ आणि जगण्याचा ‘लि’ ऱ्हस्व आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्याला आपल्याकडे सर्रास ‘लिव्हिंग सर्टिफिकेट’ म्हणतात, जो उच्चाराने हयातीचा दाखला ठरतो. मुलाखतीत तेवढा एक स्वर लांबवला तरी पुरे.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण इथे शब्दाबरोबर दोषारोपही जातो. सोडून जाणाऱ्याने जबाबदारी टाकली का, आणि मागे राहिलेले वाऱ्यावर पडले का, हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर होकारार्थी असेल, तरच ‘अबॅन्डन’. रस्त्याच्या कडेला बेवारस टाकलेली मोटार, अर्धवट टाकून दिलेले बांधकाम, कोणी वाली न उरलेले जनावर यांना तो लागू पडतो. म्हणून ‘आय अबॅन्डन्ड माय प्रीव्हियस जॉब’ असे बायोडेटात लिहिणे म्हणजे न सांगता पळून आलो अशी कबुली स्वतःच्या हाताने देणे होय. सोलापूरच्या बंद पडलेल्या कापडगिरण्यांविषयी लिहितानाही हाच विवेक हवा. गिरणी बंद झाली ही घटना ‘क्लोज्ड’ने सांगावी, पुढे तिथे कोणी फिरकेनासे होऊन छपरे ढासळली, तर त्या इमारतीला ‘अबॅन्डन्ड’ म्हणता येईल. कामगारांनी मात्र गिरणी ‘अबॅन्डन’ केली नव्हती, त्यांचे काम गेले होते. हा शब्द दोषाशिवायही येतो, पण ठराविक ठिकाणीच: पावसामुळे क्रिकेटचा सामना रद्द करावा लागला की तो ‘अबॅन्डन्ड’ होतो आणि त्यात कोणावर ठपका नसतो.

‘डेझर्ट’ म्हणजे वाळवंट. सोडून जाण्याचे क्रियापद तशाच अक्षरांनी लिहितात, मात्र त्याचा उच्चार ‘डिझर्ट’ असा, शेवटच्या भागावर जोर देऊन होतो. फौजेतून पळून जाणारा शिपाई आणि जोडीदाराला टाकून जाणारी व्यक्ती यांच्यासाठी तो आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचे कारण म्हणून दोन वर्षांच्या ‘डिझर्शन’चा उल्लेख असल्याने वकिलांच्या कागदांत हा शब्द वारंवार भेटतो. ‘फॉरसेक’ हा कवितेत आणि धर्मग्रंथांत ठेवावा.

सवय, प्रयत्न किंवा आशा सोडायची असेल तर ‘गिव्ह अप’ आणि ‘क्विट’ हे दोनच शब्द बहुधा पुरतात. ‘गिव्ह अप’नंतर येणाऱ्या क्रियापदाला ‘इंग’ लागतो: ‘ही गेव्ह अप च्युइंग टोबॅको’. इथे ‘टू च्यू’ चालत नाही. कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच बसते. २०१५ साली सधन ग्राहकांनी गॅसचे अनुदान स्वेच्छेने सोडावे म्हणून केंद्र सरकारने जी मोहीम काढली, तिचे नाव ‘गिव्ह इट अप’ होते, ‘गिव्ह अप इट’ नव्हे. ‘क्विट’ अधिक तडकाफडकी आहे. नोकरीच्या संदर्भात तो मित्रांशी बोलताना चालतो, साहेबांना लिहिताना नाही. जागेच्या संदर्भात त्यात दरडावणी येते, म्हणूनच १९४२च्या ऑगस्टमधील ‘चले जाव’चे इंग्रजी रूप ‘क्विट इंडिया’ असे झाले.

हक्क आणि पद यांच्यासाठी कागद कोणता आहे ते आधी पाहावे. बहिणीने भावाच्या लाभात वडिलोपार्जित घरातला हिस्सा सोडला, तर इंग्रजी मसुद्यात ‘रिलिंक्विश’ किंवा ‘रिलीज’ येतो आणि भावाच्या नावाआधी ‘इन फेव्हर ऑफ’ लिहितात. स्थावर मालमत्तेचा असा दस्त १९०८च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो, तेव्हा इथे मसुदा वकिलाकडून तपासून घेणे शहाणपणाचे. येणे असलेली रक्कम किंवा शुल्क न घेण्याचे ठरवले, तर ‘वेव्ह’. कर्जमाफीतला ‘वेव्हर’ तोच. त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘आय’ आहे, तो गाळला की लाट उसळते किंवा हात हलतो. विमा पॉलिसी मुदतीआधी परत करणे ‘सरेंडर’, नागरिकत्व सोडणे ‘रिनाउन्स’, आणि राजाने गादी सोडणे ‘ॲब्डिकेट’, जसे १९३६ साली इंग्लंडचा आठवा एडवर्ड याने केले.

नोकरीच्या राजीनाम्यासाठी ‘रिझाइन’ हा एकच शब्द पुरेसा आहे. ‘आय रिझाइन फ्रॉम द पोस्ट ऑफ अकाउंटंट विथ इफेक्ट फ्रॉम’ असे लिहून पुढे तारीख घालावी, नोटीसचा कालावधी पाळणार असल्याचे एका वाक्यात नमूद करावे आणि कारण द्यायचे नसेल तर देऊ नये. संगणकावर टाइप करताना ‘रि’ आणि ‘साइन’ यांच्या मध्ये आडवी रेघ येणार नाही याकडे लक्ष ठेवावे, कारण ती आल्यास तेच स्पेलिंग ‘करारावर पुन्हा सही करतो’ असा नेमका उलटा अर्थ देते.